म्यानातली तलवार

तोक्योत जुने सिनेमे मोठ्या पडद्यावर दाखवणारी थिएटरं अजून टिकून आहेत. त्यांना इथे मेइगाझा म्हणतात. इकेबुकुरोचं शिन-बुंगेइझा माझं विशेष आवडतं. अशा ठिकाणी इंग्रजी सबटायटल्सची खात्री नसते, म्हणून मी कथा आधी वाचून जाते.

दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) आपल्याकडे अनेकांनी पाहिलेला असतो. पोटभर भाताच्या बदल्यात गावाची राखण करणारे सामुराई आणि त्यांना भात वाढून स्वतः हलकं धान्य खाणारे शेतकरी! मला मात्र आज मासाकी कोबायाशींच्या 'हाराकिरी'बद्दल सांगायचंय. तो १९६२ चा, आणि दोन्हींच्या पटकथेत शिनोबू हाशिमोतोंचा हात आहे.

साल १६३०. हानशिरो त्सुगुमो नावाचा एक फाटका सामुराई एदोतल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या, ई घराण्याच्या वाड्यावर येतो आणि पोट चिरून मरण्यासाठी (हाराकिरी म्हणजे हेच) अंगण मागतो. तो हिरोशिमाच्या फुकुशिमा घराण्याचा माणूस. शोगुनच्या, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, परवानगीशिवाय किल्ल्याची डागडुजी केली म्हणून १६१९ मध्ये त्या घराण्याची जहागीर गेली, हा खरा इतिहास आहे. मालक बुडाला की पदरचे सामुराई रोनिन होत: कमरेला दोन तलवारी आणि घरात दाणा नाही. त्याच्या आधी असाच एक तरुण त्या वाड्यावर येऊन गेलेला असतो. त्याने पोटासाठी खऱ्या तलवारी विकून म्यानात बांबूच्या पात्या ठेवलेल्या. वाड्यातले लोक त्याला त्या बांबूनेच पोट चिरायला लावतात. तो प्रसंग बघवत नाही, आणि कोबायाशी कॅमेरा लवकर हलवत नाहीत.

यानंतर कितीतरी वेळ हानशिरो अंगणात नुसता बसून बोलतो. हानशिरो साकारणाऱ्या तात्सुया नाकादाईंचा तो खोल आवाज, मधूनच तोरू ताकेमित्सूंच्या संगीतातला बिवा या जपानी तंतुवाद्याच्या तारेचा तुटक घाव. तलवार म्यानातच असते, तरी वाड्यातल्या एकेकाचा चेहरा उतरत जातो. सामुराईपट म्हणजे हाणामारी असं समजणाऱ्यांनी हा भाग जरूर पाहावा. माझ्या मते या सिनेमांचं बळ अशा थांबण्यात आहे.

कोबायाशी स्वतः महायुद्धात मांचुरियात सैनिक होते आणि निषेध म्हणून त्यांनी बढती नाकारली होती. हुकूम पाळणाऱ्यांचा आणि 'घराण्याच्या इभ्रती'चा त्यांना इतका संताप का, ते त्यावरून कळतं. घराण्याच्या दप्तरातल्या नोंदीने सिनेमा सुरू होतो आणि नोंदीनेच संपतो. मधल्या दोन तासांतलं त्या वहीत किती उतरतं, ते तुम्हीच पाहा.

अगदी नव्याने सुरुवात करणार असाल तर आधी कुरोसावांचा 'योजिम्बो' (१९६१) घ्या, तो भरभर पुढे सरकतो. मग 'सेव्हन सामुराई', पण त्याला साडेतीन तासांची सवड हवी. 'हाराकिरी' मात्र एकट्याने रात्री उशिरा लावू नका. संपल्यावर त्यावर बोलायला घरात कुणीतरी जागं असायला हवं.