खुंटी नसलेली तार

भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी. भाग दोनच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होऊन आठवडा झाला. गुणांच्या तक्त्यावर बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या सहीशेजारी माझीही सही आहे, म्हणून हे लिहितोय.

सांगलीतल्या आमच्या कॉलेजात ही परीक्षा म्हणजे बारा मुलं आणि काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरांच्या बारा प्रती, सगळ्या विश्रामबागेतल्या एकाच झेरॉक्सवाल्याकडच्या. बारापैकी नऊ विषय थिन फिल्मचे, म्हणजे काचेसारख्या पृष्ठभागावर चढवलेल्या अतिपातळ थरांचे, कारण विभागात उपकरण तेवढंच धड चालतं. परीक्षकांची परतीची गाडी चारची असली की मार्क अडीचलाच ठरतात. जेवणानंतरच्या मुलांच्या वाट्याला प्रश्न कमी आणि जांभया जास्त.

ही मुलगी अकरावी, म्हणजे जेवणानंतरची. मिरजेची. आजोबा तंबोरे करतात. विषय घेतला होता स्ट्रिंग थिअरी आणि लूप क्वांटम ग्रॅव्हिटी, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम भौतिकी यांची सांगड घालू पाहणारे दोन प्रतिस्पर्धी सिद्धांत, यांच्या तुलनेचा. ‘अगं, थिन फिल्म कर, नोकरीला उपयोग होईल,’ असं मी सांगून पाहिलं होतं.

‘स्ट्रिंग म्हणजे काय, सोप्या भाषेत सांग,’ परीक्षक म्हणाले. अपेक्षित उत्तर ठरलेलं: तार छेडली की वेगवेगळे सूर निघतात, तसे एकाच स्ट्रिंगच्या वेगवेगळ्या कंपनांतून वेगवेगळे कण. चौदा वर्षं मी वर्गात हेच सांगत आलोय.

‘तंबोऱ्याचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं नाही, सर. ते जुळत नाही.’

‘मिरजेची असून?’ परीक्षक हसले.

‘मिरजेची आहे म्हणूनच की. तंबोऱ्याची तार खुंटी पिळून ओढली की ताण वाढतो, सूर चढतो. ह्या स्ट्रिंगला खुंटीच नाही. ती लांबली तरी ताण तेवढाच राहतो, ऊर्जा तेवढी लांबीच्या हिशेबानं वाढते.’

‘हूकचा नियम विसरलीस काय? ताणलं की ताण वाढतो. शाळेतली पोरं सांगतील.’

तिनं माझ्याकडे बघितलं.

ती बरोबर होती. हूकचा नियम पोलादी तारेला लागतो, कारण तिच्यात अणू असतात आणि ओढल्यावर ते एकमेकांपासून लांब जातात. मूलभूत स्ट्रिंग दुसऱ्या कशाची बनलेलीच नाही. लांबवली की तीच स्ट्रिंग आणखी थोडी होते, एवढंच. ताण हा त्या सिद्धांतातला पायाचा आकडा. व्हेनेझियानोंनी १९६८ मध्ये कणांच्या टकरींसाठी मांडलेल्या सूत्रामागे नंबू, नील्सन आणि सस्किंड यांना तार दिसली, तेव्हापासून ते असंच आहे. हे मला माहीत होतं. पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं मी यातच घालवली होती, मग इतरांसारखा थिन फिल्मकडे वळलो. मी पाण्याचा ग्लास उचलला.

तिच्या प्रतीतलं चौथं प्रकरण परीक्षकांनी उघडलंच नाही. खरा माल तिथे होता. कृष्णविवराची एन्ट्रॉपी, म्हणजे त्याच्या आतल्या शक्य अवस्था किती याचं माप, त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या, योग्य एककांत, एक चतुर्थांश असते, हे बेकेनस्टाईन आणि हॉकिंग यांच्या कामातून आलं. हा पाव कुठून येतो? स्ट्रिंगवाल्यांकडे स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी १९९६ मध्ये अवस्था मोजून तो नेमका काढून दाखवला. पण ती कृष्णविवरं पाच मितींची (आपल्या अवकाश-काळाच्या चारच), खास समरूपता असलेली. आभाळात तशी सापडलेली नाहीत. लूपवाल्यांचं गणित साध्या कृष्णविवरांनाही लागतं, आणि आधीपासून मांडून ठेवलेला अवकाश ते गृहीत धरत नाहीत, हे त्यांचं मोठं बळ. मात्र नेमका पाव यायला त्यांना इमिर्झी नावाचा एक आकडा हवा तसा निवडावा लागतो.

इथे तिनं लिहिलं होतं: ‘हा मणका आहे.’ खुंटीनं सूर ढोबळ लागतो, घोडीच्या खालच्या बाजूला तारेत ओवलेला मणका सरकवून तो बारीक जुळवतात. तसा लावलेला सूर खोटा नसतो, पण तार आपोआप सुरात होती असं म्हणता येत नाही.

स्ट्रिंगलाही तिनं सोडलं नव्हतं. खुंटी नाही, मणका नाही, हे कबूल. पण या सिद्धांताला लागणाऱ्या दहा मितींपैकी सहा गुंडाळून ठेवायच्या, आणि कसे गुंडाळता त्यावर निघणारे कण ठरणार. २००३ मध्ये कच्रू, कॅलोश, लिंडे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) संदीप त्रिवेदी यांनी अशी विश्वं टिकाऊ करण्याची रीत मांडली. त्यानंतर शक्यतांचा अंदाज १० च्या ५०० व्या घातापर्यंत गेला. तिचं वाक्य: ‘तार एकच, पण भोपळे इतके की कुठलाही सूर निघेल.’ पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांच्या ढिगात लहानपण गेलेल्या मुलीलाच हे सुचणार. दोन्ही पक्षांना इतक्या सरळ हातानं मोजणारा प्रोजेक्ट आमच्या विभागात मी तरी पाहिला नव्हता.

परीक्षकांचा शेवटचा प्रश्न: ‘लूपवाले अभय अष्टेकर मूळचे कुठले?’

‘शिरपूरचे.’

‘शाब्बास. धुळे जिल्हा.’ बारा मुलांत त्यांना मनापासून आवडलेलं उत्तर हेच असावं.

ती बाहेर गेल्यावर ते म्हणाले, ‘बेसिक कच्चं आहे. पंचावन्न.’ मी म्हणालो, ‘साठ करा की.’ अठ्ठावन्नवर मिटलं. थिन फिल्मवाल्यांना ऐंशीच्या खाली कुणाला नाही. हूकच्या नियमाबद्दल मी तेव्हाही बोललो नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या कॉलेजात परीक्षक म्हणून मीच जाणार आहे, आणि चारची गाडी खरंच होती. दोन्ही कारणं मी घरी जाताना आयर्विन पुलावर स्वतःला सांगून पाहिली.

परवा तिला फोन केला. ताणाबद्दल तू बोललीस ते अगदी बरोबर होतं, म्हटलं.

‘ते माहीत होतं की, सर,’ ती म्हणाली. ‘मार्कांचं काय?’

मार्क त्याच संध्याकाळी ऑनलाइन भरून लॉक झाले होते. मीच केले होते.