गिअर घसरू लागल्यावर आधी काय पाहावे

चढावर पॅडलवर जोर देताच माउंटन बाइकची चेन दातांवरून उडी मारू लागली, की अनेक जण थेट डिरेलरचे, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेचे, स्क्रू फिरवू लागतात, आणि माझ्या मते घरगुती दुरुस्ती बहुधा इथेच बिघडते. ‘एच’ आणि ‘एल’ अशी खूण असलेले ते स्क्रू केवळ डिरेलरच्या हालचालीची मर्यादा ठरवतात. गिअर नेमका बसणे अवलंबून असते ते मुख्यतः केबलच्या ताणावर. मोठ्या चक्राकडे जाताना चेन अडखळत असेल, तर केबलच्या टोकाचा ॲडजस्टर बाहेरच्या बाजूला उघडेल असा पाव पाव फेरा फिरवावा आणि दर वेळी गिअर बदलून पाहावा.

तरीही फरक न पडल्यास सायकलच्या मागे उभे राहून हँगर वाकलेला नाही ना, हे पाहावे. फ्रेमला जोडलेला आणि डिरेलर पेलणारा हा छोटा भाग मुद्दामच मऊ धातूचा करतात, जेणेकरून आपटल्यावर फ्रेमऐवजी तोच वाकावा.

चेनची झीज मात्र डोळ्यांना दिसत नाही, ती मोजावीच लागते. नव्या चेनच्या २४ कड्या ताणून धरल्यावर ३०४.८ मिलिमीटर भरतात. ही लांबी सुमारे दीड मिलिमीटरने वाढली, की ११ किंवा १२ गिअरची चेन विनाविलंब बदलावी, कारण झिजलेली चेन तिच्याहून कितीतरी महाग असलेल्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांच्या संचाचे, दात खाते. नवी चेन बसवल्यावर तेल घालताना डिस्क ब्रेकची चकती झाकून ठेवावी. तिच्यावर तेलाचा थेंब पडलाच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसून घ्यावी.