इसार, उचल आणि चार रात्रींची बोट

जून २०२४. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी आणि माझा मेहुणा संजू बसलो होतो. बाहेर पावसाची भुरभुर, टेबलावर सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझ बोटीचं कोटेशन. सोमवार, १० फेब्रुवारी २०२५ ला निघायचं, पेनांग आणि फुकेत करून शुक्रवारी १४ ला परत. चार रात्री. आणि एकाच बोटीच्या, एकाच तारखेच्या, तसल्याच खोलीपुढं दोन दर.

"हा रिफंडेबल डिपॉझिटचा, हा नॉन-रिफंडेबलचा," एजन्सीतला पोरगा म्हणाला. डिपॉझिट दोन्हीकडं सारखंच, माणशी शंभर डॉलर. पण दुसऱ्या दरात गेलं की एकूण भाडं माणशी पंचेचाळीस डॉलरनं कमी.

संजूनं लगेच पेन काढलं. "दाजी, जायचंय म्हणजे जायचंय. मग परत मागायचा प्रश्न येतोय कुठं?"

मी सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढलेला माणूस. कागदाच्या तळाची बारीक अक्षरं वाचायचाच पगार घेतला. मी महागातला, परत मिळणारा पर्याय घेतला. आमची तीन माणसं: मी, सौ. आणि पुण्यात नोकरी करणारी लेक. संजूची चार: तो, वहिनी, दोन मुलं, चौघंही एकाच खोलीत. बोटीवर खोलीतल्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडं, तिसऱ्या-चौथ्याला बरंच कमी. हे तेव्हा नुसतं ऐकलं आणि सोडून दिलं. पुढं तेच कामाला आलं.

जुलैच्या शेवटी पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तसं आम्ही सासूबाईंना शिरोळ तालुक्यातल्या गावाहून कोल्हापुरात आणलं. २०१९ आणि २०२१ पाहिल्यावर त्या भागात कुणी पाणी उंबऱ्याला लागायची वाट बघत बसत नाही. रात्री जेवताना बोटीचा विषय निघाला. मी त्यांना दोन्ही प्रकार समजावून सांगायला लागलो, तर त्यांनी मधेच थांबवलं.

"म्हंजे इसार म्हणा की. म्हशीला इसार दिला आणि घेणाऱ्यानं पाय मागं घेतला, तर इसार गेला. आणि तुमचं ते दुसरं?"

"ते परत मिळतं."

"मग ते ठेव म्हणायचं. आणि बोटवालाच पळाला तर? आमचा मुकादम उचल घेऊन गेला तो गेलाच. टोळी आलीच नाही. ऊस तुरे येईस्तोवर रानात उभा."

ऊसतोडीच्या आगाऊ उचलीवरून ओढून काढलेला हा प्रश्न एजन्सीत आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. उत्तर कागदात होतं, आणि ते बरं निघालं: 'नॉन-रिफंडेबल' हा शब्द फक्त प्रवाशानं रद्द केलं तरच लागू. कंपनीनं स्वतः फेरी रद्द केली तर दोन्ही दरवाल्यांचे पैसे परत. मार्च २०२० मध्ये जगभरच्या बोटी बंदरात उभ्या राहिल्या तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी लोकांना रोख परतावा नाही तर पुढच्या प्रवासासाठी भरलेल्यापेक्षा जास्त किमतीचं क्रेडिट, असं विचारलं होतं. मात्र बोट निघाली आणि हवामानामुळं एखादं बंदर चुकलं, तर सहसा त्या बंदराची फी तेवढी परत येते. फुकेत दिसलं नाही म्हणून भाडं मागता येत नाही.

ऑगस्टमध्ये बोर्डानं परीक्षेच्या तारखा सांगितल्या. संजू ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवतो. २०२४ ला बारावी २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती, त्या हिशेबानं त्यानं १० ते १४ निवडले होते. या वेळी बोर्डानं परीक्षा दहा दिवस अलीकडं ओढली. बारावी ११ फेब्रुवारीपासून. म्हणजे बोट सुटणार १० ला आणि इंग्रजीचा पेपर ११ ला.

संजू संध्याकाळी आमच्याकडं आला तो थेट सोफ्यावर आडवा झाला. पर्यवेक्षणाची ड्युटी सोडून फेब्रुवारीत बोटीवर जायची रजा कुठला प्राचार्य देईल? मी त्याच्या बुकिंगचा कागद मागवून घेतला. मला चष्मा लावायला एवढं कारण पुरतं.

सगळ्यांचं रद्द करायचं तर चारशे डॉलर पाण्यात. तारीख बदलता येते, पण बदलाचा दंड माणशी शंभर डॉलर. डिपॉझिटही शंभरच. म्हणजे बदलण्याची मुभा होती, पण तिची किंमत डिपॉझिटएवढीच होती, शिवाय नव्या तारखेला त्या दिवशी जो दर असेल तो. (लांबच्या, आठ-दहा रात्रींच्या फेऱ्यांना डिपॉझिट मोठं असतं, तिथं दंड जाऊन हातात काहीतरी उरतं. छोट्या फेरीत खेळ खलास.) एकट्या संजूचं रद्द करायचं? मग खोलीत तीन उरतात, थोरली मुलगी दुसऱ्या जागेवर सरकते आणि तिला पूर्ण भाडं लागतं. वाचतं ते चौथ्या माणसाचं, स्वस्तातलं. पूर्ण भाड्याचा माणूस घरी बसवून स्वस्तातल्या माणसाचे पैसे वाचवायचे.

तिसऱ्या पानावर एक ओळ होती. शेवटचा हप्ता भरायच्या मुदतीपर्यंत प्रवाशाचं नाव बदलता येईल, फक्त मूळ बुकिंगमधला निदान एक माणूस खोलीत राहिला पाहिजे. त्याला दंड शून्य.

आम्ही दोघांनीही एकदमच स्वयंपाकघराकडं बघितलं. सासूबाई लसूण सोलत होत्या.

"मी? बोटीत? आणि पोरगं हितं पेपरावर?" त्या म्हणाल्या. पण हातातला लसूण त्यांनी खाली ठेवला होता, त्यावरून सौ.ला समजलं.

पासपोर्टची हकिगत थोडक्यात: पोस्टातलं पासपोर्ट केंद्र, आधारवर एक नाव आणि बँकेच्या पासबुकावर दुसरं, गावात पोलीस चौकशीला आला तेव्हा अर्धी गल्ली साक्षीला. ऑक्टोबरमध्ये पासपोर्ट आला आणि बुकिंगवरचं नाव बदललं. संजूचा शंभर डॉलरचा इसार एक रुपयाही न जाता आईच्या नावावर चढला.

आता माझ्या शहाणपणाकडं वळतो. त्याच ऑक्टोबरमध्ये लेकीनं नोकरी बदलली. नव्या ठिकाणी फेब्रुवारीत रजा मिळणार नाही म्हणाली. मी मनातून जरा खूशच झालो. बघा म्हटलं, रिफंडेबल घेतलं ते कशासाठी! एजन्सीत ऐटीत अर्ज दिला. पैसे यायला पाच आठवडे लागले. जूनमध्ये तिच्या डिपॉझिटचे एजन्सीनं ८,५०० रुपये घेतले होते, वर पाच टक्के टीसीएस, म्हणजे परदेश सहलीवर आगाऊ घेतला जाणारा आयकर, ४२५. परत देताना डॉलरचा भाव त्यांचा दुसरा: ८,३००. त्यातून 'फाइल चार्ज' एक हजार वजा. हातात ७,३००. टीसीएसचं काय, तर ते पॅनवर जमा, पुढच्या वर्षी आयकर विवरणात वळतं करून घ्या.

"कंपनीनं डिपॉझिट परत दिलंय सर, पूर्ण," पोरगा म्हणाला. "चार्ज आमचा आहे." आणि त्यानं पावतीच्या मागची बाजू दाखवली. एकतीस वर्षं मी लोकांना कागदाच्या मागची बाजू दाखवत आलो होतो.

रात्री हिशेब मांडला. आम्हा दोघांचे जादाचे नव्वद डॉलर, म्हणजे ७,६५०. लेकीच्या परताव्यात तूट १,२००. एकूण ८,८५०. नॉन-रिफंडेबल घेतलं असतं तर तिचे ८,५०० बुडाले असते. म्हणजे साडेआठ हजार वाचवायला मी आठ हजार आठशे पन्नास मोजले होते. सौ.नं ती वही संजूला दाखवली. अजून दाखवते.

कंपनीचं डिपॉझिट परत मिळणारं असलं तरी मधल्या माणसाचं नसतं, हे मला बुकिंगच्या दिवशी विचारायला हवं होतं. आणि परत मिळणार म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत, हेही. आमच्या फेरीला शेवटचा हप्ता निघण्याच्या ७५ दिवस आधी होता, म्हणजे २७ नोव्हेंबर. लांबच्या फेऱ्यांना ही मुदत तीन महिने आणि त्याहूनही आधी असते. त्या तारखेनंतर दोन्ही दर एकाच पंगतीला बसतात. दिवस कमी होतील तशी कापणी वाढत जाते, शेवटी सगळंच भाडं जातं आणि बंदरांचे कर तेवढे परत येतात. विधानसभेचा निकाल शनिवारी, २३ नोव्हेंबरला लागला. सोमवारी बँका उघडल्या तेव्हा कोल्हापूर अजून गुलालात आणि आम्ही दोन घरं मिळून बँकेत रांगेला. विमाही काढला. आजारपण त्यात धरतात. बोर्डाचं वेळापत्रक धरत नाहीत, मी विचारून घेतलं.

शुक्रवारी, ७ फेब्रुवारीला रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस. संजू स्टेशनवर सोडायला आला होता. आईच्या पिशव्या चढवताना मिशरीची डबी त्यानं हळूच काढून खिशात घातली. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे, मिशरीचं काय करतील कुणास ठाऊक, उगाच परीक्षा नको. सासूबाईंनी रात्रभर तोंड फिरवलं होतं, ते मुंबईत चहा मिळाल्यावर सरळ झालं. शनिवारी रात्री विमान, रविवारी सकाळी सिंगापूर. बोटीच्या आदल्या दिवशी पोचायचं हे मी हट्टानं केलं. विमान चुकलं म्हणून बोट थांबत नाही, आणि पैसेही कुणी देत नाही. व्हिसा दोनदा प्रवेशाचा लागतो, कारण बोट सिंगापूर सोडते आणि परत सिंगापुरातच येते. मलेशिया आणि थायलंडला तेव्हा आपल्याला व्हिसा लागत नव्हता.

मरीना बेच्या धक्क्यावरून बोट पहिल्यांदा दिसली तेव्हा नातवंडं ओरडली. सासूबाई मजले मोजायला लागल्या आणि नवव्यावर सोडून दिलं. खोली आतली, बिनखिडकीची. "दिवस उगवला हे कळायचं कसं?" त्यांनी विचारलं, आणि चारही दिवस पहाटे पाचला आम्हाला उठवून डेकवर नेऊन ते स्वतःच बघितलं. सोमवारचा उपवास त्यांनी फळं आणि पाकिटातल्या राजगिरा लाडवांवर काढला. समोर जेवणाचे वीसेक काउंटर. त्या एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "लगीनघर म्हणायचं, नवरा-नवरी दिसंनात."

पेनांगला बोट स्वेटनहॅम धक्क्याला लागते. उतरलं की जॉर्जटाउन चालत. लिटल इंडियातून जाताना फुलांचा वास आला आणि सासूबाईंचे पाय आपोआप वळले. क्वीन स्ट्रीटवरचं महामारीअम्मनचं देऊळ, १८३३ सालचं, पेनांगातलं सर्वांत जुनं हिंदू देऊळ. गोपुरावरच्या मूर्ती बघून त्या थोड्या गोंधळल्या, पण नाव वाचून दाखवल्यावर चेहरा उजळला. "मरीआई! हिला आमच्या शिवंवर बसवली, आणि ही हितं आलीया!" तमिळ पुजाऱ्याशी त्या मराठीत बोलल्या आणि तो त्यांच्याशी तमिळमध्ये. दोघांचं काही अडलं नाही. तीर्थ, कुंकू, सगळं यथासांग. मला ते बेट त्या अर्ध्या तासासाठी आठवतं, बाकीचं फोनमध्ये आहे.

फुकेतला बोट पातोंगच्या किनाऱ्यापासून दूर नांगरते आणि छोट्या होड्यांतून नेतात. लाटांवर होडी वर-खाली होत होती. वहिनी कचरल्या, मी कचरलो. सासूबाईंनी खलाशाचा हात धरला. "वाडीच्या नावंसारखीच हाय की," म्हणाल्या आणि आत जाऊन पहिल्या फळीवर बसल्या. नृसिंहवाडीला भरल्या कृष्णेत आयुष्यभर नाव केलेल्या बाईला अंदमानचा समुद्र तो काय सांगणार?

परतीच्या दिवशी नुसता समुद्र. दुपारी बोटीवरच्या एका काउंटरपाशी गर्दी दिसली. पुढच्या वर्षाच्या फेऱ्यांचं बुकिंग, डिपॉझिट नेहमीपेक्षा कमी, वर बोटीत खर्चायला थोडं क्रेडिट. मी लांबूनच वाचत उभा होतो. सासूबाई नातीला घेऊन पुढं गेल्या आणि तिच्याकडून इंग्रजीत विचारून घेतलं: हा इसार परत मिळतो का? काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, नाही. नाव बदलता येतं का? येतं, मुदतीच्या आत.

"मग एक लिहा संजूच्या नावानं," त्या मला म्हणाल्या. "त्याला जमलं तर तो जाईल. नाय जमलं तर मी हायच."

मी तारीख विचारली. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाल्या, "ऊस गेल्यावरची बघा."