संध्याकाळच्या वर्गांचा हिशेब जुळवताना

सरकारी शाळेत संध्याकाळी प्रौढांसाठी साक्षरता, संगणक आणि शिवणकाम असे तीन वर्ग सुरू करायचं ठरलं आणि अंदाजपत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. इमारत त्या वेळी रिकामीच असते, म्हणून जागेचा खर्च मी धरलाच नाही. शिक्षकांचं मानधन, वह्या-पुस्तकं, थोडा वरखर्च. एका पानात काम आटोपलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "कुलूप कोण लावणार?"

शाळा सुटल्यावर शिपाईमामा आणखी तीन तास थांबणार, तर त्यांना जादा कामाचे पैसे द्यायलाच हवेत. शिवणवर्गानंतर फरशीवर दोरे आणि चिंध्या पडतात, त्या सकाळी मुलं यायच्या आत निघायला हव्यात. शिवाय वीज, स्वच्छतागृहं, विमा, संगणकांची दुरुस्ती. यातला एक पैसाही मुलांच्या शिक्षणाच्या रकमेतून जाऊ नये, हा बाईंचा आग्रह. तेव्हा मला तो जाचक वाटला होता, आज पूर्ण पटतो.

चाचणीच्या महिन्यात एका संध्याकाळी मी मामांबरोबर थांबले. साक्षरतेच्या वर्गाला नऊ जणी होत्या. लहान मुलांच्या बाकात गुडघे मावेनात म्हणून एक आजी तिरक्या बसून स्वतःचं नाव गिरवत होत्या. त्या एका खोलीसाठी फाटक उघडं, जिन्यातले आणि व्हरांड्यातले सगळे दिवे चालू, मामा दाराशी बसून. शेजारच्या चार खोल्यांत वर्ग असते, तरी हा खर्च एवढाच झाला असता. आमचे तिन्ही वर्ग आठवड्यातून दोनदा, पण वेगवेगळ्या संध्याकाळी भरत होते. ते आम्ही दोनच संध्याकाळी एका वेळी ठेवले. इमारत उघडी ठेवायचे १८ तास ६ वर आले.

तरीही तूट उरली. शुल्क सगळ्यांना सारखं लावावं, अशी सूचना बैठकीत आली. मी विरोध केला, कारण त्या नऊ जणींपैकी निम्म्या तरी दुसऱ्या दिवसापासून आल्या नसत्या. संगणकाच्या वर्गाला शुल्क, शिवणकामाला निम्मं, साक्षरता मोफत, असं ठरलं. उरलेल्या रकमेसाठी शिक्षण विभागाकडे अर्ज केला. अर्जात मी अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं उदाहरण दिलं. तिथे १९३५ मध्ये उद्योगपती चार्ल्स मॉट यांच्या ६,००० डॉलरच्या देणगीतून शाळांच्या इमारती शाळेच्या वेळेनंतर लोकांसाठी खुल्या झाल्या. इमारती तिथेही आधीपासून होत्याच; पैसे लागले ते त्या वापरात आणायला.

मामांचे जादा तास, सफाई, वीज हे सगळं मंजूर झालं. समन्वयकाचं मानधन मात्र निम्म्यावर आणलं. नावनोंदणी, हजेरी, शिक्षक आले नाहीत तर ऐनवेळी धावपळ, हे काम कागदावर दिसत नाही. म्हणून या वर्षी समन्वयकाच्या कामाचा एकेक तास मी वहीत लिहून ठेवते आहे. पुढच्या अर्जाला ती वही जोडणार आहे.