फाल्गुन ते मिरग: आमची वाटचाल

आमच्या फाटकावरच्या पाटीवर अजूनही 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' एवढंच लिहिलेलं आहे. मुलगा म्हणतो, 'होमस्टे' लिही, नाहीतर मोबाइलवर शोधणाऱ्याला आपण सापडणार कसे? मोबाइलवर त्याने काय हवं ते लिहावं, पाटी रंगवायचे पैसे मी देणार नाही. दापोली तालुक्यात, केळशी ते हर्णै या पट्ट्यात आमचं गाव. समोर सुपारीची वाडी, वाडीपलीकडे पुळण आणि समुद्र. घरामागे डोंगर चढत जातो, तिथे आंब्याची कलमं.

सुरुवातीला नुसतं जेवण होतं. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला येणारी माणसं 'दुपारी जेवायला कुठे मिळेल?' म्हणून विचारत यायची. सासूबाई पानं वाढायच्या. त्यातले काहीजण जेवून ओटीवर आडवे व्हायचे आणि संध्याकाळी उठून निघायचं त्यांच्या जिवावर यायचं. २००९ च्या उन्हाळ्यात माजघरालगतच्या दोन खोल्यांना स्वतंत्र न्हाणीघर काढलं आणि राहायला माणसं घेऊ लागलो. पुढे गुरं कमी झाली, तेव्हा गोठ्याच्या जागी चार खोल्या बांधल्या. छपराला कौलंच ठेवली. पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेत नाव घातलं. कर्ज काढलं, फेडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते उन्हाळ्याचं. हा धंदा मेचा, असं तेव्हा सगळेच म्हणत. परीक्षा संपल्या की शहरातली माणसं सुटायची आणि मेअखेर ढग दिसू लागले की परतायची. नेमके त्याच दिवसांत आमचे चाकरमानी यायचे: दीर, जावा, नणंदा, त्यांची पोरं. गावात लग्नं, सत्यनारायण, वाडीवाडीचे क्रिकेटचे सामने आणि त्यांची दिवसभर लाउडस्पीकरवर चाललेली कॉमेंट्री. खोल्या पैशाच्या पाहुण्यांना द्यायच्या आणि घरच्यांना अंगणात झोपवायचं, यावरून घरात बरीच धुसफूस झाली. शेवटी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, निकाल दिला: मेचा तिसरा आठवडा घरच्यांचा, त्या दिवसांत बाहेरचा पाहुणा घ्यायचा नाही. भर सिझनमधला आठवडा! यजमानांनी हिशेब मांडून दाखवला. आईंपुढे हिशेब चालत नाही. तो नियम आजही आहे, आणि तो नसता तर बाकीचं काही झालं नसतं असं मला वाटतं. मे असा आखडला, म्हणूनच आम्हाला त्याच्या अलीकडे-पलीकडे बघणं भाग पडलं.

अलीकडे कासवं होती. उत्तरेला मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं, पुढे २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला आणि गावातल्या घरांतून पाहुणे उतरू लागले. आंजर्ल्यालाही कासवं येतात. मादी रात्री पुळणीवर खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्या तोंडी जायची. आता कासवमित्र पहाटे माग काढत फिरतात, अंडी उचलून भरतीच्या रेषेच्या वरच्या बाजूला जाळी लावलेल्या जागेत तशाच खड्ड्यात ठेवतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू तापली की दिवस कमी लागतात, थंडी लांबली की जास्त. पिल्लू नर की मादी होणार हेही त्या वाळूच्या उबेवर ठरतं. ऊब जास्त तर माद्या जास्त.

फेब्रुवारी उजाडला की आमच्याकडे साडेपाचला चहा ठेवायला लागतो. पाहुणे डोळे चोळत पुळणीवर जातात. खड्ड्यावर टोपली पालथी घातलेली असते, ती कासवमित्र उचलतो. कधी खाली पिल्लांचा गोळा असतो, अंगाला वाळू चिकटलेली, एकमेकांच्या पाठीवर चढणारी, तळहातात दोन-तीन मावतील एवढी. पाण्यापासून थोड्या अंतरावर त्यांना सोडतात. ती वल्ह्यासारखे पाय हलवत सरळ निघतात, मध्येच थांबतात, पहिल्या लाटेने उलटी होतात, पुन्हा सरळ होतात. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही.

आणि कधी टोपलीखाली काहीच नसतं. दोन दिवस राहून काहीच न दिसलेले एक गृहस्थ पैसे परत मागायला लागले. 'कासवं दाखवतो म्हणून तर बोलावलंत!' तेव्हापासून फोनवर आधीच सांगून टाकते: कासवं समुद्राची, त्यांची राखण वन विभागाची, आमच्याकडून खोली, जेवण आणि पहाटेचा चहा. हे ऐकून काहीजण येत नाहीत. जे येतात ते रिकाम्या टोपलीनंतरही न्याहारीला चार घावणे जास्त खातात.

शिमग्यात गावात पालखी घरोघर फिरते. ती आमच्या अंगणात यायची असते त्या दिवशी स्वयंपाकघर पाहुण्यांच्या वेळेवर चालत नाही, हेही आधीच सांगते. चैत्रात केळशीच्या महालक्ष्मीचा उत्सव असतो, तेव्हा पाहुणे बहुतेक माहेरवाशिणी. ते दिवस मला आवडतात, कारण त्या येतात आणि स्वतःच ताटं घ्यायला उठतात.

मग आंबा. एप्रिल लागला की प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न 'हापूस मिळेल ना?' आणि दुसरा प्रश्न खोलीचा. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खोक्यावर काय छापावं यासाठी ते ठीक आहे, पण इथे येणाऱ्याला आम्ही खोकं दाखवतच नाही, आधी काढणी दाखवतो. फळ चौदा आणे तयार झालं की काढायचं: देठाजवळचे खांदे भरून देठ खोलगट बसला पाहिजे, हिरव्या रंगाला थोडा फिकेपणा आला पाहिजे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, आहे, त्याच्या ब्लेडने फळ देठासकट तुटून जाळीत पडतं. देठ मोडला तर चीक सालीवर ओघळतो आणि जिथे ओघळतो तिथे काळा डाग पडतो. पाहुण्यांच्या मुलांना झेला हातात हवा असतो. एक फळ काढू देतो, दुसऱ्याला त्यांचेच हात भरून येतात.

काढलेला आंबा भाताच्या पेंढ्यात अढी घालून ठेवतो. ओटीच्या उजवीकडच्या खोलीला अढीच्या खोलीची भिंत लागून आहे आणि मधल्या खिडकीतून रात्रभर वास येतो. ही आमची सगळ्यात लहान खोली, पंखाही जुना. मे महिन्यात सगळ्यांना तीच हवी असते. आठ-दहा दिवसांनी अढी उघडतात तेव्हा आई एकेक फळ नाकाशी नेऊन तीन वाटे करतात: आजचं, उद्याचं, परवाचं. त्यांचा 'उद्या' चुकत नाही. तरी कापल्यावर एखाद्यात साका, म्हणजे गरातला पांढरट स्पंजासारखा भाग, निघतोच, तो बाहेरून कोणालाच कळत नाही. विद्यापीठाचीच 'रत्ना' ही जात साक्यापासून मुक्त आहे. त्याची दोन कलमं आमच्याकडे आहेत आणि 'हापूस नको, परवाचा तो दुसरा द्या' असं सांगणारे पाहुणेही आहेत. हे माझ्या यजमानांना फारसं आवडत नाही.

माझं मत विचाराल तर मजा रायवळाची. बादलीभर पाण्यात रायवळ आंबे टाकायचे, पोरांना जुने कपडे घालून अंगणात बसवायचं आणि माणसाने आत जावं. तासाभराने बाहेर यावं तर बाठ्यांचा ढीग.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, मेमध्येच येतात. फोडून साल वेगळी करायची, मिठात घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. अशी पुटं दिल्याशिवाय आमसुलाला काळा रंग चढत नाही. पाहुण्या बायका हौसेने फोडायला बसतात आणि हात लाल झाले की फोटो काढतात. बरक्या फणसाची सांदणं रविवारी. ओले काजूगर एप्रिल सरता सरता संपतात, तरी 'काजूगराची उसळ आहे ना?' असं मेअखेरपर्यंत विचारतात.

तरणतलाव का नाही, हेही विचारतात. दहा वर्षांत आजूबाजूला बरेच झाले. आमची विहीर वाडीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मेमध्ये तिचा उपसा वाढवला की खारं पाणी आत सरकतं, आणि एकदा ते आलं की सुपारी जळते, पाणी पिण्याजोगं राहत नाही. पाहुण्यांच्या अंघोळी आणि वाडीचं शिंपणं एवढं जेमतेम भागतं. पोहायला समोर समुद्र आहे, ओहोटीला कोणी उतरू नये एवढं मात्र पुनःपुन्हा सांगावं लागतं.

२०२० चा उन्हाळा आला तसा गेला. मार्चमध्ये टाळेबंदी, कासवं बघायला कोणी नाही, आंबा विकायचा कसा याची चिंता. आणि सगळं ओसरेल असं वाटत होतं तेव्हा ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. दुपारपर्यंत सुपारीची वाडी आडवी झाली. माड मोडले, कलमं मुळासकट उलथली, गोठ्याच्या खोल्यांची कौलं उडाली. वीज यायला कितीतरी दिवस लागले. खोल्या त्याच वर्षी उभ्या केल्या. वाडीला तसं करता येत नाही. सुपारीच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावायच्या आणि त्यांच्या सावलीत रोपं. धरायला सहा-सात वर्षं जातात. पूर्वी पाहुणे दुपारी वाडीत खाटा टाकून झोपायचे. नंतर आलेल्यांना 'इथे सावली होती' म्हणून सांगायचं आणि ओटीवर चटया घालायच्या. आता केळी काढून टाकायच्या बेतात आलो आहोत. यंदा दोन खाटा वाडीत गेल्या.

मेच्या पलीकडचे दिवस असेच हाताशी आले. रोहिणी नक्षत्र लागलं की गावात धूळवाफेची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली, पेरणी सुरू होते आणि घरोघर आगोटीची गडबड: लाकडं आत घ्यायची, कौलं परतायची, सोडे-सुकट-बोंबील भरून ठेवायचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून मेच्या शेवटच्या दिवसांत हर्णै बंदरातल्या लिलावाला वेगळीच घाई असते. तो लिलाव आणि समोर सुवर्णदुर्ग बघायला पाहुण्यांना पाठवतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा किल्ल्यांबरोबर सुवर्णदुर्गही गेला, तेव्हापासून किल्ल्याची चौकशी वाढली आहे.

याच सुमाराला डोंगराच्या बाजूला काजवे दिसू लागतात. वळवाचा एखादा शिडकावा झालेला हवा, हवा दमट आणि थांबलेली हवी. जांभळाच्या एका झाडावर ते दरवर्षी जमतात. मागच्या अंगणातले दिवे बंद करतो, पाहुण्यांना टॉर्च खिशात ठेवायला लावतो. सुरुवातीला काही दिसत नाही, पोरं कुरकुरतात. डोळे अंधाराला सरावले की अख्खं झाड लुकलुकायला लागतं. लुकलुकणारे बहुतेक नर, मादी खाली बसून उत्तर देते. मोठ्या उजेडात तिचं उत्तर त्याला दिसत नाही, म्हणून दिव्यांची एवढी कटकट. मोठा पाऊस सुरू झाला की हे संपतं. कधी संपेल ते कुणी सांगू शकत नाही, आणि आम्हीही सांगत नाही. हल्ली दर सोमवारी मुलगा पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप गटावर चार ओळी टाकतो: या आठवड्यात काय पिकलंय, काय दिसलं, काय संपलं. त्यावरून ज्याला यायचं तो येतो. निम्मे पाहुणे आता असेच येतात. आगाऊ बुकिंगची शाश्वती त्यामुळे कमी झाली, हे यजमानांचं म्हणणं खरं आहे.

मिरगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला मृग नक्षत्र लागलं की, कोंबडी-वडे होतात आणि गोठ्याच्या चारही खोल्या डागडुजीला बंद. पावसाळी पाहुणे उरलेल्या दोन खोल्यांत.

एसीचा प्रश्न मात्र यंदाही लोंबकळतो आहे. रात्री दीडला भारनियमन झालं की पाहुण्यांचा जीव जातो, हे मलाही दिसतं. मुलाला निदान दोन खोल्यांत एसी हवेत. आई म्हणतात, बसवा, पण अढीच्या खोलीची खिडकी बंद करायची नाही. खिडकी उघडी ठेवून एसी कसा चालवायचा, ते अजून कोणी त्यांना समजावू शकलेलं नाही.