तुम्ही विचारलंत म्हणून: ‘चार्जिंगला किती वेळ लागतो?’

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून भेटणारा दर दुसरा माणूस मला हे विचारतो. लिफ्टमध्ये विचारतो, सिग्नलला काच खाली करून विचारतो, दातांचे डॉक्टर तर माझं तोंड उघडं असताना विचारतात. मी ‘ते कसं आहे...’ अशी सुरुवात केली की समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच हसू येतं: बघा, सरळ सांगता येत नाही ना! म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहून ठेवतोय. यापुढे कुणी विचारलं की हेच पुढे करीन.

आधी माझी बाजू. घरी मला चार्जिंगला पंधरा सेकंद लागतात. गाडी लावायची, गन (चार्जरच्या केबलचं टोक) खोचायची, ‘खट्’ असा लॉकचा आवाज ऐकायचा आणि वर जायचं. पुढे ती सात तास चार्ज होते की नऊ, मला काय त्याचं? मी झोपलेला असतो. ५० युनिटांची बॅटरी आणि भिंतीवर ७.२ किलोवॅटचा चार्जर असेल, तर तळाला गेलेली बॅटरीसुद्धा सकाळपर्यंत भरते. साध्या सॉकेटवर तीनेक किलोवॅट मिळतात. रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला तेही पुष्कळ झाले. पंपावरच्या रांगेत मी शेवटचा कधी उभा होतो ते आठवतही नाही.

हे सगळं खरं आहे. पण तुम्ही हे विचारलेलंच नसतं. तुम्ही बाहेरगावचं विचारत असता आणि मी मुद्दाम घरचं सांगतो. माझ्या ते लक्षात येतं, तुमच्याही येत असावं.

बाहेरगावचं सांगतो. गाडीच्या माहितीपत्रकात ‘१० ते ८० टक्के, ५० मिनिटांत’ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिले काही महिने मीही ते तोंडपाठ म्हणून दाखवायचो. पण ते कुठल्या चार्जरवर, किती तापमानात, हे बारीक अक्षरात असतं. घरी येते ती एसी वीज, म्हणजे सतत दिशा बदलणारी. बॅटरीला लागते ती डीसी, एकाच दिशेने वाहणारी. एसीची डीसी करणारं यंत्र गाडीच्या पोटात असतं आणि ते लहान असतं, म्हणून घरचं चार्जिंग हळू. रस्त्यावरचा फास्ट चार्जर हे काम बाहेरच करतो आणि डीसी थेट बॅटरीला देतो. मात्र किती वीज घ्यायची हे बॅटरी ठरवते. चार्जरवर १२० किलोवॅट लिहिलेलं असलं आणि गाडी ५० घेणारी असली, तर मिळणार ५०च. उलट गाडी १५० घेणारी आणि चार्जर ३०चा, तर ३०च. दोघांत जो कमी, त्याचं चालतं.

त्यात ८० टक्क्यांनंतर वेग उतरत जातो. ही कंपनीची लबाडी असल्यासारखं लोक मला ऐकवतात. सेलमध्ये लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. जागा भरत आली, किंवा बॅटरी गार असली, की त्यांना आत शिरायला वेळ लागतो. तरीही जोर केला तर लिथियम आत जाण्याऐवजी वरच धातू होऊन साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. म्हणून गाडी आपणहून करंट कमी करते. शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या पन्नास टक्क्यांएवढाही वेळ लागू शकतो. म्हणून जाणता माणूस ८०ला गन काढतो आणि वाटेला लागतो. निदान काढावी, अशी अपेक्षा असते.

आता तो दिवस. ज्यांना ठाऊक आहे ते याबद्दल माझ्यासमोर बोलत नाहीत. त्यांच्याऐवजी मीच बोलतो.

दुपारी आत्येभावाचा फोन आला. आत्या आयसीयूत होती, शुद्धीवर होती आणि ‘दादाला बोलवा’ म्हणत होती. दादा म्हणजे माझे वडील. श्वास जड होत चाललाय, संध्याकाळपर्यंत बहुधा नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. नळी घातली की बोलणं बंद. हॉस्पिटल २४० किलोमीटरवर. गाडीत ४१ टक्के. चार्जिंग करायला विसरलो होतो, असं कृपया म्हणू नका. गावातल्या गावात ४१ टक्के म्हणजे दोन दिवसांची बेगमी असते. तुमच्या टाकीतही एखाद्या आडवारी दुपारी एवढंच पेट्रोल असतं.

हिशेब सोपा होता. हायवेला माझी गाडी शंभर किलोमीटरला साडेपंधरा युनिटं खाते. शंभर किलोमीटरवर फास्ट चार्जर होता. तिथे १० टक्क्यांवर पोचणार, अर्धा तास थांबून ५५ करणार, पुढचे १४० किलोमीटर आरामात. फक्त चार्जरपर्यंत वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे दहाचा वेग वाढवला तरी टक्के डोळ्यांदेखत उतरतात. तर लवकर पोचायचं होतं आणि म्हणून मी हळू चालवत होतो. बाबा शेजारी बसून ओव्हरटेक करून जाणाऱ्या गाड्या बघत होते. बोलले काही नाहीत.

चार्जरवर पोचलो तेव्हा बरोबर १० टक्के होते. हिशेब चुकला नव्हता, एवढं नोंदवून ठेवा.

तिथे दोन यंत्रं. पहिल्याचा पडदा काळा. बाजूचं लाल आणीबाणीचं बटण कुणीतरी दाबून ठेवलेलं होतं. ते पिळून मोकळं केलं, यंत्र कुरकुरत जागं झालं, पंखे फिरले, कंपनीचं चिन्ह आलं, आणि दोन-तीन मिनिटांनी लाल अक्षरं आली: ‘फॉल्ट’. दुसऱ्या यंत्राला दोन गन. एक एका पांढऱ्या गाडीला लावलेली, मालक गायब. दुसरी मोकळी होती. ती लावली, अ‍ॅपमध्ये ‘सुरू करा’ दाबलं. ‘गाडीशी संपर्क साधत आहे’ असं म्हणत गोल फिरत राहिला आणि संपर्क तुटला. हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, ‘सर, गन काढून परत लावा.’ लावली. पुन्हा तेच. ‘सर, मी इथून रीस्टार्ट करते.’ केलं. पुन्हा तेच. शेवटी मला जुनी युक्ती आठवली. केबल इतकी जड असते की तिच्या ओझ्याने गन सॉकेटात किंचित खाली लोंबते आणि पिना नीट टेकत नाहीत. मी गन दोन्ही हातांनी खालून उचलून धरली, मांडीने आत रेटली आणि बाबांना अ‍ॅपमधलं हिरवं बटण दाबायला सांगितलं. ‘खट्’ झालं. चार्जिंग सुरू.

‘किती वेळ लागेल?’ बाबांनी विचारलं.

‘अर्धा तास.’

पडद्यावर २८ किलोवॅट दिसत होते. सुरुवातीला कमी असतात, चढतील, म्हणून वाट पाहिली. चढले नाहीत. आणि मग त्या पांढऱ्या गाडीचे आकडे वाचले. ती ९१ टक्क्यांवर होती आणि ११ किलोवॅट घेत होती. यंत्र एकूण ६०चं. दोन गाड्या लागल्या की ते सरळ ३०-३० अशी वाटणी करायचं. शेजारच्या गाडीला नको असलेली वीज इकडे वळवणारी यंत्रं असतात, हे त्यातलं नव्हतं. त्या गाडीला ११ लागत होते, तिच्या नावावर ३० ठेवलेले. मधले १९ कुणालाच नाहीत.

तिची गन मला काढता येणार नव्हती. चार्जिंग चालू असताना ती लॉक असते आणि थांबवायचं बटण मालकाच्या फोनात असतं. पुढचा चार्जर चाळीस किलोमीटरवर होता आणि माझ्याकडे तीसेक किलोमीटरची वीज होती. म्हणजे उभं राहायचं.

माझ्या गाडीच्या पडद्यावरचा ‘शिल्लक वेळ’ अठ्ठेचाळीस मिनिटं झाला होता. बाबांनी पुन्हा विचारलं, ‘किती वेळ?’ मी ‘होईल’ म्हणालो. ते गाडीतून उतरले, चष्मा लावला आणि यंत्रासमोर उभे राहून टक्के वाचायला लागले. मोठ्याने. ‘सतरा.’ मग बराच वेळ काही नाही. ‘अठरा.’ मी त्यांना आत बसा म्हणालो, ऊन आहे. पंपाला छप्पर असतं, चार्जरला बहुतेक ठिकाणी ते करायचं सुचलेलं नाही. ते बसले नाहीत. ‘एकोणीस,’ म्हणाले.

पांढऱ्या गाडीचा मालक आला तेव्हा आमचे ४० टक्के झाले होते. त्याच्या कडेवर झोपलेलं लहान मूल होतं. तो उद्धट असता तर मला फार बरं वाटलं असतं. तो म्हणाला, ‘मला पुढे घाटात चार्जर नाही, म्हणून १०० करत होतो.’ त्याचंही खरं होतं. त्याच्या रस्त्याला जायचं असतं तर मीही तेच केलं असतं, केलेलं आहे. मी कारण सांगितल्यावर त्याने ९६ला गन काढली. त्याबरोबर माझा आकडा ४९ किलोवॅटवर गेला आणि उरलेले १५ टक्के दहा मिनिटांच्या आत भरले. अर्ध्या तासाच्या जागी तिथे आम्ही तासाभराच्या वर होतो.

आम्ही हॉस्पिटलात वर पोचलो त्याच्या पाऊण तास आधी नळी घातली होती. आत्याला झोपेचं औषध दिलेलं होतं. बाबांनी तिचा हात धरला, नाव घेऊन हाक मारली. आत्या त्यानंतर शुद्धीवर आली नाही.

आता बोला. भाऊ बोललाच: ‘पेट्रोलची असती तर पोचला असतात.’ मी तेव्हा त्याला उत्तर दिलं की वाटेत रस्त्याच्या कामामुळेही वीस मिनिटं गेली. रस्त्याला कुणी का बोल लावत नाही? उत्तर बरोबर आहे. पण त्या वीस मिनिटांत माझ्या मागेपुढे सगळेच अडकले होते. चार्जरपाशी फक्त मी अडकलो होतो. लवकर पोचलो असतो तर बाबांना आत सोडलं असतं का, आत्या तेव्हा बोलण्याच्या स्थितीत होती का, हेही मी आत्येभावाला विचारलं आहे. तो म्हणतो, सोड आता. हे उत्तर दोन्ही बाजूंनी वाचता येतं आणि मी ते दोन्ही बाजूंनी वाचतो.

गाडी नवी असताना मी लोकांना सांगायचो, ‘दोन-अडीच तासांनी माणसानेही उतरावं, पाय मोकळे करावेत. गाडी तेवढ्यात चार्ज होते. यात वेळ जातो कुठे?’ अजूनही सहलीला निघालेल्या कुटुंबाला मी हेच सांगेन, कारण सहलीला ते खरंच आहे. पण हे सांगणाऱ्या माणसाला मी त्या उन्हात उभा करून विचारलं असतं: आज इथे कुणाचे पाय आखडले आहेत?

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिनिटांत द्यायचं तर वीस मिनिटांपासून दीड तासापर्यंत काहीही. यंत्र चालू असेल, दोन्ही गन मोकळ्या असतील, बॅटरी फार गार किंवा फार तापलेली नसेल, अ‍ॅपला नेटवर्क असेल, तर माहितीपत्रक खोटं बोलत नाही. तसे प्रवास मी भरपूर केलेत आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नसतं. वाईट दिवशी मला जास्त मिनिटं लागण्याची फारशी चिंता नसते. अर्धा तास म्हटलेला अर्धाच राहील ना, एवढंच सांगणारं कुणी हवं असतं. पेट्रोल पंप चालू आहे का, हे कुणी घरून निघताना फोनवर तपासत नाही. मी तपासतो, आणि अ‍ॅपमध्ये ‘उपलब्ध’ दाखवणारं यंत्र पुढ्यात बंद असतं.

‘अडीअडचणीला एक पेट्रोलची छोटी गाडी ठेव,’ हा भावाचा आग्रह. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं, याचं धड कारण मला देता येत नाही. थोडा हट्ट आहे, थोडा हिशेब. त्याऐवजी रात्रीच्या चार्जिंगची मर्यादा ८०वरून ९० टक्के केली. माझी बॅटरी एनएमसीची, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली आहे. तिला कायम भरलेलं राहणं मानवत नाही, आयुष्य कमी होतं, हे मला ठाऊक आहे. फास्ट चार्जिंगने बॅटरी मरते म्हणून घाबरणाऱ्यांना मीच सांगतो की, त्याहून उष्णता आणि भरून ठेवणं वाईट. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटवाली असती तर अधूनमधून १०० करा असं कंपनीच सांगते. तरीही ९०. बाबा अजून माझ्या गाडीत बसतात. बसल्या बसल्या चष्मा लावून टक्के बघतात.

मुलगा म्हणतो, पुढची गाडी ८०० व्होल्टची, म्हणजे जास्त दाबाने झपाट्याने वीज घेणारी घेऊ, ती वीस मिनिटांत होते. वाटेतला चार्जर ६०चा असेल आणि शेजारी कुणी ९१वर असेल, तर त्या ८०० व्होल्टचं काय करायचं, हे मी त्याला विचारलंय. शोधून सांगतो म्हणाला आहे.