एक बोट, सहा चलनं आणि भोकाची नाणी

बोटीवर चढताना गळ्यात अडकवायला एक कार्ड मिळालं आणि पैसा नावाची वस्तू डोळ्यांसमोरून नाहीशीच झाली. खोलीचं दार त्याच कार्डाने उघडायचं, कॉफीही त्यावरच, बंदरात उतरताना आणि परत चढताना ‘टुंग’ वाजायचं तेही त्याचंच. खर्च कुठेतरी डॉलरमध्ये लिहिला जात होता. दहा रात्रींनंतर बिल येणार, एवढंच आम्हाला ठाऊक.

आम्ही दोघी बहिणी. ताईचं आयुष्य हिशेबाच्या खात्यात गेलेलं. तिच्याकडे कप्प्याकप्प्यांचं एक पाऊच होतं आणि प्रत्येक कप्प्यावर चिकटपट्टी लावून चलनाचं नाव लिहिलेलं. कोपनहेगनहून निघून ऑस्लो, ग्डिनिया, स्टॉकहोम, टॅलिन, हेलसिंकी आणि परत कोपनहेगन असा फेरा होता. म्हणजे डेन्मार्कचे क्रोनर, नॉर्वेचे क्रोनर, पोलंडचे झ्लॉटी, स्वीडनचे क्रोनोर आणि शेवटच्या दोन ठिकाणी युरो. बोटीवरचे डॉलर धरून सहा.

पहिल्याच दिवशी काउंटरवर बोटीच्या खात्याला कुठलं कार्ड जोडायचं ते विचारलं. मी क्रेडिट कार्ड दिलं. ताई म्हणाली, “मला उधारी नको,” आणि तिने डेबिट कार्ड पुढे केलं. काउंटरवरचा मुलगा ‘होल्ड’बद्दल काहीतरी समजावत होता. मागे रांग होती, आम्ही माना डोलावल्या.

ऑस्लोत उतरल्यावर किऑस्कवर पाण्याची बाटली घेतली. ताईने पाऊचमधून मधोमध भोक असलेलं पाच क्रोनरचं नाणं काढून दिलं. काउंटरवरच्या मुलीने ते उजेडात धरलं, भोकातून आमच्याकडे एक डोळा लावून पाहिलं आणि हसत परत केलं. नाणं डेन्मार्कचं होतं! नॉर्वेच्या पाच क्रोनरलाही भोक, डेन्मार्कच्याही. रंग तोच, आकारात थोडाच फरक, आणि नावही क्रोनरच. मग तिनेच खूण दाखवली: डॅनिश नाण्यावर पत्त्यातल्यासारखे इवले इवले बदाम असतात. ताईने लगेच चष्मा कपाळावर सरकवला आणि बाकावर बसून सगळी चिल्लर निवडली, तांदूळ निवडावेत तशी.

नाव एकच असण्यामागे कारण आहे. 1873 साली डेन्मार्क आणि स्वीडनने सोन्याच्या एकाच मापावर आपलं चलन बेतलं, दोन वर्षांनी नॉर्वे त्यात आला. तेव्हा एकाचं नाणं दुसऱ्याकडे बिनदिक्कत चालायचं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ती सोयरीक मोडली. नाव तेवढं मागे राहिलं. आम्ही शंभरेक वर्षं उशिरा पोचलो म्हणायचं.

ऑस्लोतच दुपारी माझी फजिती झाली. कॅफेत वेट्रेसने कार्डाचं मशीन हातात दिलं. मी सवयीने चार आकड्यांचा पिन दाबला. तिचे डोळे विस्फारले. तिथल्या बऱ्याच मशीनवर आधी टिप धरून एकूण रक्कम आपणच टाकायची असते, पिन त्यानंतर. मी दोन कॉफ्यांसाठी चार आकडी रक्कम देऊ करत होते, शिवाय माझा पिन भल्यामोठ्या आकड्यांत स्क्रीनवर झळकत होता. तिने घाईघाईने रद्द केलं. तिथे सेवेचे पैसे किमतीत धरलेलेच असतात. आवडलं तर रक्कम वरच्या आकड्यापर्यंत न्यायची, नाहीतर तेवढीच टाकायची, कुणी तोंड वाकडं करत नाही.

तोंड वाकडं झालं ते बोटीवर, आणि तेही ताईचं. चौथ्या दिवशी आम्ही समुद्रावरच होतो. तिने खोलीतल्या टीव्हीवर माझ्या खात्याचं पान उघडलं आणि विचारलं, “तू रोज रात्री कुणाला दान करतेस?”

बारमध्ये पेय आलं की छोट्या फोल्डरमध्ये पावती यायची. मंद दिवे, बारीक छपाई. पहिल्या ओळीत पेयाची किंमत. तिच्याखाली अठरा टक्के सेवाशुल्क, आधीच धरलेलं. त्याच्याखाली एक रिकामी ओळ, मग एकूण आणि सही. रिकामी जागा दिसली की मला भरावीशी वाटते, शाळेपासूनची खोड. प्रत्येक पावतीवर मी त्या ओळीत दोन-तीन डॉलर लिहीत होते. ती ओळ ‘आणखी टिप’ची होती. म्हणजे टिपवर टिप. याखेरीज माणशी रोजची टिप खात्यात आपोआप पडत होतीच. एक्स्चेंज रेटच्या दोन पैशांसाठी मी तीन पाट्या वाचत फिरायचे, आणि इथे डोळे मिटून सही करत होते.

रोजच्या टिपेवरून बोटीवर बरीच कुजबुज चालते. काहीजण काउंटरवर जाऊन ती काढून टाकायला लावतात. काही बोटींवर तसं करता येतं. मला ते पटत नाही. ती रक्कम खोली आवरणाऱ्यात, जेवण वाढणाऱ्यात आणि आपल्याला कधीच न दिसणाऱ्या मंडळींत वाटली जाते. ज्याला ती द्यायचीच नाही त्याने तिकीट काढतानाच विचार करावा. ती मी राहू दिली, रिकाम्या ओळीवर मात्र त्या दिवसापासून आडवी रेघ. खोली आवरणाऱ्या मुलाला शेवटच्या रात्री पाकिटातून हातात वेगळे दिले, ते आमच्या आनंदाचे. त्यासाठी एक आणि पाच डॉलरच्या नोटा घरूनच नेल्या होत्या, ते बरं झालं. बोटीवरच्या एटीएमचं शुल्क पाहून मी कार्ड पुन्हा पर्समध्ये ठेवलं होतं.

ग्डिनियाला एटीएमने स्क्रीनवर आपल्या चलनातली रक्कम दाखवून प्रेमाने विचारलं, “याच दराने घेऊ का?” मोठं हिरवं बटण. हा दर मशीनवाल्याचा असतो आणि त्यात त्याची कमाई असते. नाही म्हणायचं, झ्लॉटीतच घ्यायचं, मग कार्डाच्या नेटवर्कचा दर लागतो. वर आपली बँक काय घेईल ते घेवो. दुकानातल्या मशीनलाही हेच उत्तर. आम्ही पैसे घेऊन लोकल ट्रेनने ग्दान्स्कला गेलो. जेवण झक्क झालं. वेटर पैसे न्यायला आला तेव्हा ताईने आदल्या रात्री घोकलेला शब्द ठसक्यात म्हटला, “जेंकुये.” म्हणजे धन्यवाद. तोही खुलला, धन्यवाद म्हणाला आणि गेला. आम्ही सुट्या पैशांची वाट बघत बसलो. नंतर कळलं की पैसे देताना ‘जेंकुये’ म्हटलं तर ‘बाकीचे तुला’ असा अर्थ होतो. दहा टक्के देणारच होतो, ते जरा जास्त झाले. ताईने वहीत ‘भाषेचा खर्च’ असं नवं सदर उघडलं.

या धड्यानंतर स्वीडनमध्ये रोख जवळ हवी म्हणून मी पाचशे क्रोनोरची नोट काढली. तिच्यावर बिर्गिट निल्सन ही ऑपेरा गायिका आहे. दिवसभर तिला घेऊन मी गामला स्टान या स्टॉकहोमच्या जुन्या भागातल्या गल्ल्या फिरले. कॅफेच्या दारावर पाटी: रोख घेत नाही. स्वच्छतागृहालाही कार्ड. एका टपरीवर तर फोनवरून पैसे पाठवायचा नंबर चिकटवलेला, आणि ते ॲप चालायला स्वीडिश बँकेतलं खातं लागतं. 1644 साली याच देशाने जवळपास वीस किलोची तांब्याची पत्रावजा नाणी पाडली होती. ती वाहून नेणं जमेना, म्हणून 1661 मध्ये युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा इथेच निघाल्या. आणि आता माझी एक नोट कुणी घेईना. शेवटी एका सुपरमार्केटने घेतली, तीही कॅशियरने दोनदा उलटसुलट करून.

टॅलिन आणि हेलसिंकीत युरो, त्यामुळे सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं. हेलसिंकीत रोखीचं बिल पाच सेंटला गोल करतात, ते तेवढं ताईला आवडलं नाही.

शेवटच्या पहाटे दाराखालून बिल सरकलं. ते बरोबर होतं. घोळ पुढेच निघाला. कोपनहेगनच्या हॉटेलात ताईचं डेबिट कार्ड चालेना. बोटीने रोजच्या खर्चाएवढी रक्कम खात्यात अडकवून ठेवली होती, आणि शेवटचं पूर्ण बिल वेगळं कापलं होतं. अडकलेले पैसे सुटायला काही दिवस लागतात. पहिल्या दिवशी तो मुलगा हेच सांगत होता! क्रेडिट कार्डावर असं झालं तर मर्यादा तात्पुरती कमी होते, डेबिटमध्ये आपलेच पैसे आपल्याला दिसतात पण मिळत नाहीत. हॉटेलचं बिल माझ्या कार्डावर गेलं. ताई बराच वेळ काही बोलली नाही.

संध्याकाळी रस्त्यावरच्या हॉटडॉगच्या गाडीपाशी ती थांबली. “हे मी देणार,” म्हणाली. पाऊच उघडलं. दहा दिवसांत चिकटपट्ट्या सुटून सगळे कप्पे एक झाले होते. तिने एकेक भोकाचं नाणं काउंटरवर मांडलं. गाडीवाल्याने बोटाने मोजत ती ओढून घेतली, एक मात्र परत सरकवलं. ताईने चष्मा कपाळावर चढवला आणि नाणं डोळ्यांपाशी नेलं. त्यावर बदाम नव्हते.